मालकांचे सुळे

"आ करा," ती म्हणाली आणि मालकांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं.

भर दुपार होती. दवाखान्याचे जाड पडदे तिने स्वतः ओढून कडांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. उन्हाची एक तिरीपही मालकांच्या जिवावर बेतली असती. रक्तावर जगणाऱ्या या माणसाच्या धाकात सगळं शहर होतं. मालकांपुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची. ती मात्र गेल्या वर्षी एका दुखऱ्या दाढेच्या निमित्ताने त्यांना भेटली आणि पार गुंतून गेली.

"तीनशे वर्षांत मला 'आ करा' म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती," तेव्हा ते हसून म्हणाले होते. तिच्या गळ्याला त्यांनी कधी ओठसुद्धा लावले नाहीत.

आज अक्कलदाढ काढायची होती.

"मला अक्कल जरा उशिराच आली," ते म्हणाले. "पूर्ण झोपवणार ना?"

"हो. दुखणार नाही."

"तुझ्या हातून दुखलं तरी चालेल गं."

सुई टोचताना तिने मान वर केली नाही.

चार दिवसांपूर्वी त्यांचा कारभारी येऊन गेला होता. "तुमची धाकटी बहीण माझ्या ताब्यात आहे," हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं तो म्हणाला. "मला मालकांचे वरचे दोन सुळे हवेत. सुळे गेले की सत्ता गेली. त्यांच्या कानावर घातलंत, तर बहिणीचं तोंड पुन्हा दिसायचं नाही."

आई गेल्यावर त्या पोरीला तिनेच वाढवलं होतं. मालकांना सगळं सांगून टाकावं, असं कितीदा तरी ओठांवर आलं. काल तर त्यांनीच सहज विचारलं, "तुझा जीव कुणावर जास्त? माझ्यावर की बहिणीवर?"

त्यांनी नुसता तिचा हात थोपटला. त्या थोपटण्याने ती रात्रभर तळमळली.

मालकांचे डोळे मिटले. दाढेला तिने हातही लावला नाही. चिमटा सुळ्यावर बसवला. मुळं खोल होती. हिसडे देताना तिचे अश्रू त्यांच्या सदऱ्यावर पडत होते. "माफ करा, माफ करा," ती पुटपुटत होती. दुसरा सुळा निघता निघता हातमोजा फाडून तिच्या बोटात रुतला. तिला त्याचं भान नव्हतं.

ते जागे झाले. जीभ रिकाम्या हिरड्यांवरून फिरली.

"मी तुम्हाला दगा दिला," ती हुंदके देत म्हणाली. "बहिणीसाठी. मला मारून टाका, पण तिला सोडवा."

ते उठले, खिडकीशी गेले आणि पडद्याला हात घातला.

"नका!" ती धावली.

चर्रकन पट्ट्या निघाल्या. ऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडलं. डोळे मिटून ते शांत उभे राहिले. त्यांना ओढायला पुढे केलेला तिचा हात मात्र विस्तवात घातल्यासारखा भाजला. ती किंचाळून कोपऱ्यात सरकली.

"हे ओझं मला कुणाला देऊन टाकता येत नव्हतं," ते म्हणाले. आवाज मायेचाच होता. "आपल्याला जीव लावणाऱ्याने दगा देऊनच ते काढून घ्यावं लागतं. तुझ्याआधीच्या साऱ्याजणींचा हात ऐनवेळी थांबला."

"म्हणजे कारभारी..."

"माझाच माणूस. शब्दाचा पक्का आहे. बहीण खाली गाडीत बसली आहे, पाठवतो वर."

त्यांनी पडदा पुन्हा नीट ओढला, पट्ट्या बोटांनी दाबून बसवल्या आणि दार लोटून ते उन्हात निघून गेले.

जिन्यात धावती पावलं वाजली.

"ताई!" धाकटीने येऊन तिच्या गळ्यात हात टाकले आणि तिला घट्ट मिठी मारली. "सुटले गं मी! आता कशाला रडतेस?"

ताईच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.