चिमट्यातला उंदीर

किंबर्लीच्या त्या गल्लीत पोटच्या पोरीलाही कुणी एवढं जपलं नसेल, जेवढं हेस्टरने सुसीला, आपल्या अजगराच्या मादीला, जपलं होतं. एका जिवंत उंदराने चावून सुसीचा डोळा घालवला, तेव्हापासून तिच्या पेटीत फक्त मेलेला, गोठवलेला उंदीर जायचा. हेस्टरच्या नवऱ्याने, वेसेलने, तशी बायबलवर हात ठेवून शपथच घेतली होती.

आठवडाभर बहिणीकडे राहून हेस्टर परतली, तर सुसीच्या गळ्याखाली ताजा चावा.

"जिवंत घातलास ना?"

"फ्रीजरमधलाच दिला गं," वेसेल कॉफीत टोस्ट बुडवत म्हणाला.

"मग मेलेल्याला दात फुटले वाटतं. जन्मभर तुझ्या ताटात वाढलं, आणि तू माझ्या तोंडावर खोटं बोलतोस."

हेस्टरने स्वतः फ्रीजरमधून एक उंदीर काढला आणि कोमट पाण्यात सैल होईपर्यंत ठेवला. मग चिमट्यात धरून तो सुसीपुढे हलवू लागली. हलल्याशिवाय अजगर मेलेल्याला तोंड लावत नाही.

सुसी मागे सरकली. उरलेला एक डोळा हेस्टरवर रोखून ती कोपऱ्यात दबून बसली. हाताने वाढवलेलं जनावर, आणि तिलाच भ्यालं.

"बघ, तुझ्यापायी माझ्यावरचाही विश्वास उडाला तिचा."

"हेस्टर," वेसेल अगदी हळू म्हणाला, "आता तो उंदीर हलवणं थांबव."

"माझा हात केव्हाच थांबलाय," ती म्हणाली.