समोर दिसेल ते

नव्व्याण्णव साली नगरच्या सायबर कॅफेत जयमाला दर रविवारी दुपारी चॅटिंगला बसायची. चॅटवर पुण्याहून भारती यायची, नाशिकहून दिशा. खेळ त्यांचाच होता: आपल्या समोर जी वस्तू दिसेल तिची अक्षरं विस्कटून टाकायची, बाकीच्यांनी ती जुळवायची.

आज चौथं कुणीतरी आलं होतं. नावाच्या जागी नुसतं टिंब.

‘जयू, ही कोण गं?’ भारतीनं लिहिलं.

‘मला वाटलं, तुमच्यापैकी कुणाची मैत्रीण.’

टिंबानं अक्षरं टाकली. जुळवली तर पंखा. मग पडदा. जयमालाच्या समोर दोन्ही होते, पण पंखे-पडदे कुठे नसतात?

मग आली उदबत्ती. कॅफेवाल्या रंभाजीनं ती आत्ताच तिच्या मॉनिटरवर खोचली होती. जयमालानं केबिनचा पडदा सारला.

“भाऊ, अजून कोणी बसलंय का?”

“न्हाई ताई, तुमीच. लाईन एकच हाय.”

ती परत खुर्चीत बसली आणि पाठ भिंतीला गच्च टेकवली. मॉनिटरवर नवी अक्षरं आली होती. ती जुळवताना तिची बोटं थांबली.

सेफ्टी पिन.

सकाळी ड्रेसचा हूक तुटला म्हणून आईनं मानेमागे लावून दिलेली. वर वेणी होती. वेणी बाजूला केल्याशिवाय ती पिन कुणालाच दिसली नसती.

जयमालानं हळूच हात मागे नेला. पिन जागेवर होती. वेणी नव्हती.

वेणी कुणीतरी खांद्यावरून पुढे आणून, तिच्या मांडीवर अलगद ठेवली होती.