वाटे किती?

टेबलावर सात आराखडे होते. त्यांतले पाच खोडलेले आणि दोन फाडलेले. दोघे भाऊ आठवडाभर एकमेकांशी भांडून थकले, तेव्हा कुठे त्यांना ताईची आठवण झाली. कोडी सोडवण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं.

“आईच्या मागे राहिलेल्या खोल्या तीन आणि आम्हाला वाटे हवेत सारखे दोन,” थोरला म्हणाला. “अट एकच, भिंत पाडायची नाही. सोडव बघू, ताई!”

“डोक्याचा पार भुगा झाला गं,” धाकटा म्हणाला. “काहीही करा, एक खोली उरतेच.”

ताईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिचे कान तापले होते.

“वाटे दोनच, हे कोणी ठरवलं? आईला मुलं किती?”

“अगं, कोड्यातल्या अटी बदलायच्या नसतात,” धाकटा हसला. “तूच तर शिकवलंस आम्हाला!”

ताईने पेन्सिल टेबलावर आपटली, त्याच्या हातातली टेप हिसकावून घेतली आणि एकेका खोलीत जाऊन स्वतः माप घेतलं. तिन्ही खोल्या बारा फूट बाय बारा फूट भरल्या.