झांबळाच्या पिशव्या

झांबळ हा खोल समुद्रातला, कुणीच कधी न पाहिलेला प्राणी अर्पितानं जाफराबादच्या घरी बसून घडवला, पुण्याच्या एका व्हिडिओ गेम कंपनीसाठी. त्याला डोळे नसतात, तो कातडीनं ऐकतो. मादी एकच अंडं घालते आणि ते फुटेपर्यंत तोंडात धरून उपाशी राहते. पोटाखाली पिशव्यांची रांग असते. जाग आली की झांबळ खायचं सोडून आधी त्या पिशव्या पाण्यानं काठोकाठ भरून घेतो.

व्हिडिओ कॉलवर कंपनीच्या सरांना सगळं आवडलं, पण पिशव्यांपाशी ते अडले. "याच्या चारी बाजूंनी पाणीच आहे. मग हा साठवतो कशाला? पटेल असं कारण दे, नाहीतर झांबळ बाद."

अर्पितानं इतके दिवस चित्रं काढली, पण हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता.

तेवढ्यात खालून आईची हाक आली, "अर्पे, नळ आलाय, जल्दी ये." आठ-दहा दिवसांनी आल्ता. कॉल तसाच सोडून ती पळाली.

टाकी झाली, हंडे झाले, बादल्या झाल्या, कुकरसुद्धा भरून झाला. मंग तिनं विचारलं, "आई, समुद्रात राहणारं जनावर पाणी कशाला भरून ठेवंल?"

आईनं मान वर न करता पाइप चहाच्या पातेल्यात सोडला.

"का? तिथं रोज येतं का पाणी?"