आंधळ्या पंचाचा निर्णय

शवपेटी तिसऱ्या बेसवरून निघाली आणि फिदेन्सियोकडे येऊ लागली.

तो बेसबॉलच्या मैदानात होम प्लेटच्या, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या टप्प्याच्या, मागे उभा होता. पंच म्हणून त्याने उभी हयात तिथेच काढली होती. आमच्या ऊसमळ्यांच्या वस्तीत खेळाडू गेला की पुरण्याआधी त्याला मैदानावर आणतात, सगळ्या बेसवरून फिरवतात. पेटी होम प्लेटवर टेकली की पंच दोन्ही हात आडवे पसरतो आणि 'सेफ' म्हणतो. म्हणजे पोचला, सुखरूप पोचला. पंचाने सांगितल्याशिवाय पेटी पुढे उचलायची नाही, असा रिवाज.

पेटीत नार्सिसो पेगेरो होता. राजधानीत खेळून, नाव कमावून तो परत आला होता आणि इथल्या पोरांना खेळ शिकवत होता. रविवारी भरदुपारी दुकानासमोर दोमिनोचा डाव रंगला असताना त्याला गोळ्या घातल्या. घालणारा विल्किन. मैदानात पोरांना नशेच्या पुड्या विकू नकोस, एवढंच नार्सिसो त्याला म्हणाला होता. निम्मी वस्ती तिथे हजर होती. पोलिसांनी विचारलं तेव्हा मात्र प्रत्येकाचं तोंड नेमकं दुसरीकडे होतं.

फिदेन्सियो तर त्याच डावात, नार्सिसोच्या समोर बसला होता.

"मला काही दिसलं नाही," त्याने सार्जंटला सांगितलं. "मी आंधळा आहे, कुणालाही विचारा."

सार्जंटला हसू आलं. स्टँडमध्ये खिम्याच्या करंज्या विकणारी तोमासिना दर सामन्यात बोंब मारायची, "अरे आंधळ्या, तू घरी बस आणि माझ्या शेळीला उभं कर. तिला जास्त दिसतं!" आणि सगळा स्टँड हसून लोळायचा. एकट्या नार्सिसोने त्याला कधी आंधळा म्हटलं नाही. एकदा बॅट आपटली म्हणून फिदेन्सियोने त्याला, गावाच्या लाडक्याला, हात लांब करून फाटकाकडे बोट दाखवलं होतं आणि मैदानाबाहेर काढलं होतं. त्या संध्याकाळी फिदेन्सियोच्या पत्र्यावर दगड पडले. दुसऱ्या दिवशी नार्सिसो अॅव्होकॅडोची पिशवी घेऊन दारात हजर. "तू बरोबर होतास, कोम्पाद्रे, माझ्या दोस्ता. पण कुणाला सांगू नकोस हां, माझी इज्जत जाईल."

काल विल्किनही आला होता. त्याने संत्री आणली होती. ओट्यावर बसून सावकाश सोलत म्हणाला, "म्हातारबा, तुमची नात मोठी गोड आहे हो. कालव्याच्या रस्त्याने एकटीच जाते ना शाळेत?" एक फोड त्याने फिदेन्सियोच्या हातावर ठेवली. फिदेन्सियोने ती मुकाट्याने खाल्ली.

आणि आता तोच विल्किन पेटीला खांदा देऊन येत होता. तिसऱ्या बेसपाशी तो आपणहून पुढे झाला, आणि नार्सिसोच्या सख्ख्या भावाने त्याला जागा करून दिली. स्टँड खच्चून भरला होता, पण कुणी हुंदका देत नव्हतं. जास्त रडलं तर विल्किनच्या नजरेत येऊ, ही भीती. फाटकाजवळ सार्जंट टोपी हातात धरून जमिनीकडे बघत उभा होता.

पेटी टेकली. विल्किन पलीकडे, हातभर अंतरावर उभा राहिला.

"द्या निर्णय, म्हातारबा," तो हळूच म्हणाला. "हात पसरा आणि मोकळे व्हा. नात बघतेय."

फिदेन्सियोने वर पाहिलं. नात खरंच बघत होती. तोमासिनाच्या शेजारी बसून, आजोबा आता काय करतात याकडे ती डोळे लावून होती. दोन हात पसरायचे, बस्स. मग घरी जायचं आणि जन्मभर आंधळं राहायचं.

त्याचा एकच हात उठला. लांब झाला. बोट विल्किनच्या छातीवरून सरळ फाटकाकडे गेलं.

"बाहेर!" त्याचा आवाज चिरकला. "मी पाहिलंय तुला. तू मारलंस त्याला. माझ्या मैदानातून बाहेर हो!"

विल्किनचा हात शर्टाखाली गेला. फिदेन्सियोने डोळे मिटून घेतले. पोरीचं आता कसं होणार, एवढंच त्याच्या मनात आलं.

"ए आंधळ्या!" वरून तोमासिना ओरडली. "बरोबर दिलास! मीही पाहिलंय!"

त्याने डोळे उघडले. तोमासिना उभी होती. एका हाताने तिने नातीला पोटाशी धरलं होतं. दुसरा हात लांब होता, बोट फाटकाकडे. तिच्या मागे दुकानदार उठला. मग नार्सिसोचा भाऊ पुढे आला. मग बाया, म्हातारे, उसाचे मजूर, सगळा स्टँड उठला आणि सगळी बोटं एकाच दिशेला. विल्किनने चहूकडे पाहिलं. इतक्यांना पुरतील एवढ्या गोळ्या त्याच्याकडे नव्हत्या. सार्जंटला आता दुसरीकडे बघायला जागाच उरली नाही. तो धावत आला आणि त्याने विल्किनचा शर्टाखालचा हात पकडला.

विल्किनला फाटकाबाहेर नेलं तरी पेटी तशीच होती. कुणी तिला हात लावेना. निर्णय बाकी होता.

फिदेन्सियो पेटीवर वाकला. दोन्ही हात आडवे पसरले.

"सेफ," तो म्हणाला. "तूही बरोबर होतास, कोम्पाद्रे. मी सगळ्यांना सांगितलं."