पाटीपर्यंतची हद्द

आमच्या भाड्याच्या खोल्या कॉलेजमागच्या गल्लीच्या टोकाला, आणि गल्लीत एक दिवा नाही. मैत्रिणीचा हात कुणीतरी अंधारात धरला, तेव्हा आम्ही प्राचार्यांकडे गेलो.

“गेटवरच्या पाटीपर्यंत आमची हद्द. पुढचं नगरपालिकेला विचारा.”

नगरपालिकेतले साहेब म्हणाले, “त्या गल्लीत तुमच्याशिवाय येतंय कोण? कॉलेजला सांगा.”

वर्षभर हेच चाललं. मग काल आम्ही मुलींनी कॉलेजची पाटी गेटवरून उतरवली आणि गल्लीच्या टोकाला, आमच्या खोल्यांच्या भिंतीवर बोल्ट मारून घट्ट बसवली.

आज अंधार पडता पडता दोघंही आले, चक्क एकाच गाडीतून. मागे पाना घेतलेला शिपाई.

“काढ ती पाटी,” प्राचार्यांनी त्याला फर्मावलं. तो भिंत चाचपडत राहिला. साहेबांनी मोबाइलचा उजेड धरायला पाऊल पुढे टाकलं, ते थेट उघड्या गटारात. पाठोपाठ मोबाइलही.

“बोल्ट कुठे मारलेत?” प्राचार्य माझ्यावर खेकसले.

“तिथेच आहेत, सर,” मी म्हणाले. “दिवा लावलात की दिसतील.”