वीतभर खड्डा

पत्र अडीच पानांचं होतं, पण नंदिनीला त्यातली एकच ओळ दिसत होती. मंजुरीआधी कामाला सुरुवात झाल्याने अर्ज नामंजूर.

बंद पडलेल्या कापडगिरणीत छोट्या उद्योगांसाठी गाळे काढायचे, असा तो प्रकल्प. ड्रेस्डेनपासून तासाभरावरचं हे गाव गिरणी बंद झाल्यापासून रिकामं होत चाललं होतं. युरोपचा निधी मिळाला असता, तर चाळीस माणसांना गावातच काम मिळणार होतं. नगरपालिकेत नोकरी करणाऱ्या नंदिनीने त्या अर्जावर चौदा महिने घालवले होते. नियम तिला तोंडपाठ होते. मंजुरी हातात येईपर्यंत जागेवरची काडीही हलवायची नाही, हा त्यातला पहिला. तो तिने लाल अक्षरांत जर्मनमध्ये छापून गिरणीच्या फाटकावर लावला होता.

पत्राला पुरावाही जोडला होता. गावात फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकातल्या फोटोची झेरॉक्स, वर मथळा: 'पहिली कुदळ पडली.' अंक मे २००८चा. ते साप्ताहिक नंदिनी न उघडताच रद्दीत टाकायची. झेरॉक्स काळपट होती, तरी कुदळ धरलेला माणूस ओळखू येत होता. लिंडनर. त्याच्या पायाशी नुसता काळा डाग.

लिंडनर गिरणीतला शेवटचा फोरमन, सत्तावन्न वर्षांचा. गिरणीच्या किल्ल्या अजून त्याच्याकडेच असायच्या. गाळे झाले की देखभालीचं काम त्यालाच मिळणार होतं. म्हणजे या गृहस्थाने स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती.

नंदिनी त्याच्या घरी गेली.

"हे तुम्हीच ना?"

त्याने कागद बराच वेळ पाहिला. "हो. मीच."

"कशासाठी?"

"झाड लावायचं होतं. वीतभर खड्डा होता, फ्राऊ बिवलकर."

"फाटकावरचा कागद वाचला नव्हता?"

"वाचला होता."

"त्या वीतभर खड्ड्यात चाळीस माणसं गाडलीत तुम्ही."

ती जायला वळली तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांना कळवलंत?"

"त्यांना कशाला? उगाच जिवाला लावून घेतील."

"अगदी बरोबर. नका कळवू."

एवढं सगळं करून वर बाबांची काळजी. नंदिनीला त्याचा जास्तच राग आला.

नंदिनीच्या नवऱ्याचे, उल्हासचे बाबा, श्रीपादराव, पुण्याहून येऊन एप्रिलपासून तीन महिने राहिले होते. तीस वर्षं पूल आणि रस्ते बांधलेला सरकारी इंजिनिअर; त्यांना घरी रिकामं बसवेना. नंदिनी कामावर आणि उल्हास ड्रेस्डेनच्या ऑफिसात गेला की ते गिरणीच्या फाटकाशी लिंडनरच्या बाकावर जाऊन बसायचे. याला मराठी येत नाही, त्यांना जर्मन. गप्पा मात्र तासन्‌तास, हातवारे करत आणि पाठकोऱ्या कागदांवर पूल काढत. घरी आले की पावाला नाक मुरडायचं. कढीलिंब आण, हिरव्या मिरच्या आण, नारळ आण. नंदिनी बिचारी व्हिएतनामी दुकानात मिळेल ते उचलून आणायची.

पण सुनेच्या कामाचं त्यांना भारी कौतुक. "झालं का गं तुझं टेंडर?" रोज विचारायचे. ती स्वतः अर्ज द्यायला ड्रेस्डेनला निघाली, तेव्हा त्यांनी वेळही विचारून घेतली.

"अहो बाबा, अकराला देणार आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी परतली तर दारातच उभे. बूट काढायच्या आधीच त्यांनी तिच्या हातावर खोबरं-साखर ठेवली. "दमलीस. तोंड गोड कर. काम झालंच म्हणून समज." तिच्या स्वतःच्या वडिलांनीही तिच्या नोकरीचं कधी एवढं मनावर घेतलं नव्हतं. तिला त्या दिवशी भरून आलं होतं.

नगरपालिकेच्या बैठकीत नंदिनीने लिंडनरचं नाव सांगितलं. पालिकेने त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. बेकरीच्या रांगेतही लोक त्याच्याकडे पाठ करून उभे राहू लागले. त्याने कुणालाच काही सांगितलं नाही.

फोनवर बाबा विचारायचे, "आलं का गं उत्तर?"

"अजून नाही, बाबा."

नोव्हेंबरात बाबा झोपेतच गेले. उल्हास पुण्याला गेला, आणि चौथ्या दिवशी लिंडनर दारात उभा राहिला. हातात सांत्वनाचं, काळ्या काठाचं कार्ड होतं.

"ते माझे मित्र होते," तो म्हणाला.

"त्यांना तुमचा प्रताप कळला असता, तर त्यांनी तुमचं तोंडही पाहिलं नसतं."

त्याने मान हलवली. कार्ड तिच्या हातात दिलं आणि जिना उतरून गेला. नंदिनीने त्याला आत या म्हटलं नाही.

तेरावं उरकून उल्हास परतला. बॅगेतून त्याने बाबांची खिशातली डायरी काढली. "तुझ्यासाठी काही जपून ठेवलेलं दिसतंय."

आत त्याच साप्ताहिकातलं कात्रण होतं, रंगीत आणि स्वच्छ. लिंडनरच्या बुटांपाशी डाग नव्हता. तिथे नारळाची दोन भकलं होती, आणि खड्ड्याच्या काठावर हळद-कुंकू.

खाली बाबांचं वळणदार अक्षर होतं.

'अक्षय्यतृतीया, सकाळी अकरा. सूनबाईच्या कामाचा नारळ फोडला. लिंडनर फाटकावरचा कागद दाखवून नको नको म्हणत होता, पण मुहूर्त टळला असता. शेवटी माझी दुखरी कंबर बघून कुदळ त्यानेच मारली. प्रसाद सूनबाईला दिला.'